पहिल्याच मेलात भाव सांगायचा का?

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. भट्टीमागच्या भिंतीवर काजळी धरते तसे ते धरतात. रोज दिसत नाहीत. एक दिवस बोट फिरवलं की कळतं, अरे, केवढा थर! परवा मृणालचा फोन आला. म्हणाली, “मावशी, आज ऑफिसात मोठी मीटिंग झाली. नवीन माणसानं मेलसाठी नाव नोंदवलं की त्याला ‘आमचा माल घ्या’ असं कधी म्हणायचं? पहिल्या मेलात की थांबून? कुणाचं कुणाशी पटेना!”

मी इतकी हसले की चष्मा पडला. अगं, याच प्रश्नावर आम्ही तिघी बायका अंबरपेठेत वर्षभर भांडलो होतो. तेही मिरच्या भाजता भाजता!

तेव्हा बाजार खुला होऊन काही वर्षं झाली होती. गल्लीतल्या किराणा दुकानातसुद्धा चकचकीत मसाल्याच्या पाकिटांच्या माळा लटकायला लागल्या आणि आमचा कागदी पुड्यातला काळा मसाला मागं पडला. निजामाच्या शहरात, अंबरपेठेत आमची एक खोली होती, तीत दोन भट्ट्या. माणसं तीन. शकू, बीदरकडच्या शेतकऱ्याची लेक, आवाज असा की मुशी नदीच्या पलीकडं ऐकू जावा. विमलवहिनी, नवरा लवकर गेलेली, बोलणं मऊ, पण एकदा ‘नाही’ म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी नाही. आणि मी. माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी मी बसच्या पाट्या आणि औषधांच्या बाटल्या वाचून शिकले. कुणाला खोटं वाटत असेल तर आजही बाटली आणा, वाचून दाखवते.

मृणाल आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. पुण्याची पोर, कॉम्प्युटर कंपनीत नोकरी. तिनंच डोक्यात किडा सोडला. “मावशी, तुमच्या गिऱ्हाइकांची मुलं अमेरिकेला गेली. मग मसालाही जाऊ दे की! लोकांकडून ई-मेलचे पत्ते घ्या, त्यांना पाककृती पाठवा, आणि मग विका.”

“मग म्हणजे कधी?” मी विचारलं.

तिथंच ठिणगी पडली. मी म्हणायची, लगेच. शकू म्हणायची, लगेचच्याही आधी. वहिनी म्हणायची, “पहिल्यांदा उंबरा चढलेल्या माणसाला गूळपाणी द्यायचं की भाव सांगायचा?”

आणि थांबायला वेळ कुठं होता! आमचं ठरलं होतं, या दिवाळीला दोन्ही भट्ट्या पेटल्या नाहीत तर खोली सोडायची. मला मुलाचं घर होतं, शकूला बीदर होतं. वहिनीला नांदेडला दिराकडं जावं लागलं असतं. त्या घरात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. नुसतं “अहो, जरा इकडं” म्हणत.

* * *

पत्ते गोळा करायला आम्ही नामपल्लीच्या नुमाइशमध्ये, म्हणजे तिथल्या दरवर्षीच्या प्रदर्शनात, टेबल मांडलं. टेबलावर वही, वहीला दोरीनं बांधलेलं पेन. मृणालनं बजावलं होतं, “शकूमावशी, लोक आधी नुसता पत्ता लिहितील. तेव्हा काही विकायचं नाही हं.”

शकूनं “हौ” म्हटलं आणि पदर खोचला.

एक गृहस्थ आले. सुटाबुटातले, तारनाक्याच्या विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांनी पेनला हात लावला मात्र, शकूनं वही पुढं सरकवली. “लिवा, सायेब. नाव लिवा, पत्ता लिवा.” त्यांनी लिहिलं. “आता एवढं लिवलंय तर ही बरणी धरा. आंब्याचं लोनचं हाय. आन् हा मसाला. रिकाम्या हातानं घरी जाता का? बाईसाहेब काय म्हणतील?”

प्राध्यापकांनी मुकाट्यानं पाकीट काढलं, दोन्ही हातांत पिशव्या घेतल्या, आणि जाता जाता अगदी नम्रपणे विचारलं, “बाई, आता तुमचं पेन मिनिटभर मिळेल का? मी त्यासाठीच आलो होतो!”

* * *

मेल पाठवायला आम्ही तारनाक्याला रशीदभाईच्या इंटरनेट कॅफेत जायचो. कॅफे म्हणजे दोन कॉम्प्युटर आणि एक पडदा. रशीदभाई पन्नाशीचा. आधी वीस वर्षं कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचा, लोकांचे अर्ज टाइप करायचा. कॉम्प्युटर आले तसा टाइपरायटर विकून हा धंदा थाटला. आजोळ परभणीचं, त्यामुळं मराठी सगळी कळायची, बोलायचा मात्र दखनी हिंदी. आम्ही मराठी सांगायचं, त्यानं इंग्रजी अक्षरांत बडवायचं, असा आमचा कारभार.

पहिलं विक्रीचं पत्र इंग्रजीत हवं असं मृणाल म्हणाली. मी रशीदभाईला म्हटलं, “तू शिकलेला माणूस. लिही तुझ्या पद्धतीनं.” त्यानं बोटं मोडली आणि पानभर लिहून पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनच्या एका बाईंचं उत्तर. “तुमची अवस्था वाचून डोळे भरून आले. मसाला नको. मदत कुठं पाठवू?”

मी रशीदभाईकडून त्याचं पत्र मराठीत वदवून घेतलं. ‘मायबाप ग्राहकसाहेबांच्या सेवेशी. आम्ही खाली सही करणाऱ्या तीन असहाय स्त्रिया आपल्या पायाशी अत्यंत नम्रपणे विनंती करतो की...’ औषधाच्या बाटलीवर असलं इंग्रजी नसतं हो!

“असहाय कोण रे?” मी गरजले. “तीन तीन किलो मिरची एका बैठकीत कुटते मी!”

“अम्मा, गुस्सा नक्को करो,” रशीदभाई म्हणाला. “कोर्ट में ऐसाइच लिखते. नै तो जज सुनताच नै!”

* * *

मग मी सूत्रं हातात घेतली. सजवणं नाही, रडणं नाही. नवीन नाव आलं की पहिल्याच मेलात मालाची यादी आणि भाव. विकायला बसलेय, भजनाला नाही!

पुण्याच्या एका बाईंनी नाव नोंदवलं होतं. त्यांना यादी गेली. त्यांचं उत्तर आलं: “आपली ओळख नाही. सभ्य लोक आधी ओळख करून देतात, मग भाव सांगतात.”

माझ्या डोक्यात सणक गेली. ओळख हवी काय? घ्या! त्या दुपारी मी रशीदभाईला माझा जन्म, माझं लग्न, निजामाच्या काळातलं आमचं घर, सासूनं मला काळा मसाला कसा शिकवला नाही आणि मी तो दाराआडून वास घेऊन कसा शिकले, सगळं सगळं सांगितलं. मध्ये दोनदा त्यानं चहा मागवला. एकदा डोळेही पुसले. तेवढं सगळं पुण्याला गेलं.

उत्तर एका ओळीत आलं.

“ओळख पुरे. भाव परत पाठवा.”

* * *

मृणालला आमची दया आली. रविवारी ती खाली आली, मसाल्याच्या पोत्यावर बसली आणि समजावू लागली. “असं एकदम विचारायचं नसतं. आधी तीन-चार मेल नुसते उपयोगाचे पाठवायचे. माणसाचा विश्वास बसू द्यायचा. त्याला आपली वाट बघायची सवय लागली की हळूच विचारायचं.”

वहिनी खूश. शकूनं उलथनं खाली ठेवलं.

“का गं मृणाल, तुजं लग्न ठरवून झालं का तुमचं तुम्ही?”

“आमचं आम्ही,” मृणाल लाजली.

“मग तुज्या नवऱ्यानं किती पत्रं पाठवल्यावर इचारलं?”

मृणाल बारीक आवाजात म्हणाली, “मीच विचारलं. भेटल्याच्या दुसऱ्या दिवशी.”

* * *

तरी वहिनीचं ऐकायचं ठरलं. गूळपाणी आधी. पण वहिनीचं गूळपाणी म्हणजे काय, हे आम्हाला कुठं ठाऊक! तिनं पहिल्याच मेलात काळ्या मसाल्याची आख्खी कृती सांगून टाकली. दगडफूल किती, खोबरं किती, मिरची कुठवर भाजायची. काहीही हातचं राखलं नाही.

शकूनं कपाळावर हात मारला. “वैनी, दुकानच देऊन टाकलंत की! आता इकत कोन घेनार?”

आणि तसंच झालं. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या शिकागोतल्या सुनेचं पत्र आलं: “कृती छान आहे. आता मी घरीच करणार.” वहिनीला इतका आनंद झाला की तिनं रशीदभाईला पेढा दिला. मी आणि शकू दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

आठवड्यानं त्याच सुनेचं दुसरं पत्र. तिनं घरात मिरच्या भाजल्या. धूर झाला, छताला लावलेली धुराची घंटा वाजली, सगळी इमारत खोकत खाली रस्त्यावर आली आणि आगीचे दोन बंब आले. बंबवाल्यांनी दार उघडून आत पाहिलं. गॅसवर एक कढई, हातात उलथनं घेऊन ही उभी. त्यांचा साहेब डोळे पुसत म्हणाला, “बाई, ही वस्तू कुठं विकत मिळत नाही का?”

तेव्हापासून ती आमची गिऱ्हाईक! पण एका शिकागोवर दोन भट्ट्या पेटत नाहीत.

* * *

गणपती गेले. दिवाळीचा माल परदेशी पोचायचा तर आता मागण्या यायला हव्या होत्या. नवीन नावं मात्र नेमकी तेव्हाच यायला लागली, कारण त्या शिकागोच्या सुनेनं बंबाची गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. मी रशीदभाईला म्हटलं, “आज सगळ्यांना भाव पाठव.”

वहिनी म्हणाली, “नाही.”

“का नाही?”

“पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात मी कुणाला ‘नवीन घ्या’ म्हणणार नाही. पाककृती पाठवू. श्राद्धाच्या स्वयंपाकाच्या.”

“वहिनी, खोली जाईल!”

“जाईल.”

“तुम्ही नांदेडला जाल!”

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. आणि आमटीची कृती सांगायला लागली.

तर त्या पंधरवड्यात आमच्याकडून विक्रीचं एक अक्षर गेलं नाही. नवीन लोकांना नुसती खीर, आमटी, वडे. अशात कॅलिफोर्नियाहून अविनाश नावाच्या एका मुलाचं पत्र आलं. आई गेली, हे पहिलं वर्ष. तिकडं कुणी वडीलधारं नाही. उद्या तिथी आहे, पान कसं वाढायचं?

वहिनी त्या दिवशी कॅफेतून हललीच नाही. त्यानं विचारायचं, हिनं सांगायचं, रशीदभाईनं टाइप करायचं. डावीकडं काय, उजवीकडं काय, भात कुठं, दर्भ नसेल तर काय करायचं. पडद्यापलीकडची गिऱ्हाइकं ताटकळत उभी. रशीदभाईनं त्यांना हातानंच परत पाठवलं.

शेवटी अविनाशनं लिहिलं, “काकू, तुमचा एवढा वेळ घेतला. तुम्ही काय विकता? सगळं थोडं थोडं पाठवा.”

मी रशीदभाईच्या खुर्चीमागं होते. माझा हात आपोआप यादीकडं गेला. वहिनीनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. “लिहा, रशीदभाई. सध्या काही विकत नाही.”

मी तणतणत बाहेर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याचं पत्र. “पान गच्चीत ठेवलं. इथं कावळे दिसत नाहीत. तासाभरानं एक खार आली आणि वडा घेऊन गेली. काकू, चालतं का?”

रशीदभाईनं वाचून दाखवलं आणि कीबोर्डवर हात ठेवून थांबला. त्याची स्वतःची अम्मी त्याच उन्हाळ्यात गेली होती.

“चालतं,” वहिनी म्हणाली.

सर्वपित्री झाली. दुसऱ्या दिवशी घट बसवले आणि आठाच्या आत आम्ही तिघी तारनाक्याला हजर. आज भावांचं पत्र जाणार होतं. गेलं तर गेलं, नाहीतर खोलीला कुलूप. रशीदभाईनं कॉम्प्युटर लावला आणि ओरडलाच, “अम्मा, देखो तो सही!”

अविनाशचं पत्र नुकतंच येऊन पडलं होतं. “काकू, तुमच्याकडं घट बसले असतील. आता विकता का? मी आमच्या मंडळात सगळ्यांना सांगितलं आहे. सगळी घरं तुमच्या ‘हो’साठी थांबली आहेत. दिवाळीचा सगळा मसाला, मेतकूट, चकलीची भाजणी तुमच्याकडूनच हवी आहे.”

शकू खुर्चीवरून उठली ती थेट दाराकडं. “मी भट्टी पेटवते! दोन्ही पेटवते!”

वहिनीनं पत्र परत एकदा वाचून घेतलं. मग विचारलं, “रशीदभाई, तिकडं आत्ता कोणता दिवस आहे हो?”

रशीदभाईनं बोटांवर हिशोब केला. “उधर तो अब्बी बी कल की शाम चल रै, अम्मा.”

“मग त्याची सर्वपित्री अमावास्या सरायचीय अजून. लिहा, उद्या मागा म्हणावं.”

शकू दारातच थिजली. रशीदभाईनं माझ्याकडं बघितलं. वर्षभर ‘लगेच विका, लगेच विका’ म्हणून त्याचं डोकं खाणारी मी!

“बघतोस काय?” मी म्हटलं. “लिही!”