व्हायोलिनवाल्या बाईंचा सत्कार

आमच्या गंगाखेडात पाहुणा कशासाठी आलाय याला फारशी किंमत नसते. आलाय ना, मग सत्कार झाला पाहिजे. पाहुण्याने नको म्हटलं, तर केवढा हा विनय म्हणून आणखी एक शाल मागवतात.

त्या रशियन बाई आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या मुलाच्या लग्नाला आल्या होत्या. मुलगा तिकडे डॉक्टरकी शिकत असताना सहा वर्षं त्यांच्या शेजारी राहिला होता. बाई मोठ्या वाद्यवृंदातून निवृत्त झालेल्या, पण व्हायोलिन सोबत आणलेलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात पाचला वाजवायचं आणि सव्वासातला परभणीला निघायचं, तिथून रेल्वे, असं ठरलं.

हे कळल्यापासून आमच्या दादांना चैन नव्हतं. दादा म्हणजे माझे वडील, वय त्र्याऐंशी. जन्मभर शाळेत संगीत शिकवलं, व्हायोलिन वाजवलं ते मांडी घालून. तिकडचं वाजवणं फक्त रेडिओवर ऐकलेलं.

"उभ्यानं, हनुवटीखाली धरून कसं वाजवतेत ते एकदा बघायचंय," म्हणाले. "मोबाइलात नको दाखवू. त्यात समदं बारीक दिसतंय."

चार वाजताच ते पहिल्या रांगेत जाऊन बसले.

अध्यक्ष आले पावणेसहाला. समई पेटवायला घेतली की वात विझायची, मग पंखा बंद करा, मग उकडतंय म्हणून चालू करा. त्यानंतर फेटेवाला. त्याने शेमला नेमका बाईंच्या डाव्या खांद्यावर सोडला, जिथे व्हायोलिन टेकायचं तिथेच. वरून शाल, हातात नारळ. मग भाषणं. प्रत्येकाने "मला संगीतातलं काही कळत नाही" अशी सुरुवात केली आणि ते पुरतं सिद्ध केल्याशिवाय माईक सोडला नाही. मी नुसती धुमसत होते.

परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे होतं. ते मी व्यवस्थित केलं. चौथ्या वर्षी आईने हातात दिलेलं इवलंसं व्हायोलिन. बर्फातून ट्रामने शिकवणीला जाणं. संगीत महाविद्यालयाने दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा घेतलं. वाद्यवृंदात शेवटच्या रांगेतून दुसऱ्या रांगेत यायला अठरा वर्षं. मनगट मोडलं तेव्हा वर्षभर नुसती हवेत बोटं चालवून केलेला सराव. डॉक्टरांच्या मुलाला दोन दिवस समोर बसवून मी हे कागदांवर उतरवून घेतलं होतं. एक ओळही गाळवेना. तोच मुलगा माझं प्रत्येक वाक्य बाईंना रशियनमध्ये सांगत होता. बाई स्वतःचीच हकीकत मान डोलावत ऐकत होत्या.

सात वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या हाती व्हायोलिन आलं. त्यांनी शाल बाजूला ठेवली, शेमला मागे खोचला आणि वाजवायला लागल्या. पहिल्याच सुराला मागचा गलका थांबला. मी दादांकडे पाहिलं. त्यांच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालली होती. सूर हळूहळू वर चढत होता, आता काहीतरी होणार असं वाटत होतं, तेवढ्यात ड्रायव्हर दारात आला.

"म्याडम, फाटक पडलं की गाडी हुकली म्हणून समजा!"

बाईंनी गज खाली घेतला, हात जोडले आणि फेट्यासकट गेल्या. आभारप्रदर्शन मात्र पूर्ण झालं.

घरी येताना रिक्षात मी भडकलेच. अध्यक्ष, फेटेवाला, मुख्याध्यापक, कुणाला म्हणून सोडलं नाही. "यांना चार वाक्यांत आटपायला काय होतं? माणूस इतक्या लांबून आलेला, आणि ह्यांचीच तोंडं चालू!"

रिक्षा गल्लीत वळली.

"समद्यात लांब तूच बोललीस," दादा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पंचवीस मिनिटं. घड्याळात बघितलं मी."

मी रिक्षावाल्याला घर दाखवून थांबायला सांगितलं.

"चांगलं बोललीस लय," दादा म्हणाले. "पण त्या बाई वाजवून सांगणारच होत्या की समदं."

उतरताना त्यांनी आधाराला हात पुढे केला. माझ्या हातात परिचयाचे ते अकरा कागद होते, आणि ते कुठे ठेवावेत हे मला सुचेना.