कमरेतून वाकणं

कराटे शिकवायला पुण्याहून स्कूटरवर जे सर यायचे, त्यांची आठवण झाली की मला अजून शिसारी येते. त्यांनी मला मारलं नाही की लुबाडलं नाही. माणूस गोड बोलायचा, एवढंच.

ऐंशीनंतरची ती वर्षं. भूगावात तालीम होती, पण बौद्धवाड्यातल्या आम्हा पोरांना तिथल्या मातीत उतरू देत नसत. तोंडावर 'नाही' कुणी म्हणायचं नाही; 'जागा नाही' म्हणायचे. अशात गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या खळ्यावर कराटेचा वर्ग सुरू झाला. पहिल्याच संध्याकाळी सरांनी सांगितलं की इथं सगळे पांढऱ्या पट्ट्यानं येतात, घराणं कुणी विचारत नाही. लढण्याआधी आणि लढून झाल्यावर समोरच्यापुढं कमरेतून वाकायचं, कारण आपण शिकावं म्हणून तो स्वतःचं अंग पुढं करतो. दोघं वाकल्याशिवाय लढत सुरू होत नाही, जपानमध्ये नाही आणि इथंही नाही.

मी तेव्हा विशीत होतो, कारखान्यात कामाला होतो. पाळी सुटली की चहासुद्धा न घेता थेट खळं गाठायचो. खोटं कशाला बोलू, लाथाबुक्क्यांचं मला फार कौतुक नव्हतं. या गावातलं कुणीतरी एकदा माझ्यापुढं वाकणार, त्यासाठी मी जायचो.

सरांनी माझी जोडी कायम आमच्याच वाड्यातल्या एकाशी लावली. मला ते दिसत होतं, पण मी मनाची समजूत घालत राहिलो. मग पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आली. परीक्षेत जोड उंचीवर लागायची, आणि माझ्या उंचीचा एकटा खळ्याच्या मालकाचा पुतण्या होता.

मालक खुर्ची टाकून बसले होते. मी वाकलो. पुतण्या ताठ उभा. त्यानं चुलत्याकडं पाहिलं आणि नको असलेला चहा नाकारावा तसं शांतपणे म्हणाला, "आमी न्हाई वाकत यांच्याम्होरं."

सर माझ्याजवळ आले. तोंडाला लवंगेचा वास. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तू वाकलास ना? झालं तर. मोठं मन कर."

नियमाप्रमाणे लढत सुरू होत नाही, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी मला जपानी शिष्य गुरूशी वाद घालत नाही हे ऐकवलं. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच. खांद्यावरचा तो मऊ, घामट हात झटकून टाकावा असं वाटलं, पण मी लढलो, आणि चांगला लढलो. संपल्यावर मात्र वाकलो नाही. आम्ही दोघंही ताठ उभे राहिलो.

पुतण्याला पिवळा पट्टा मिळाला. माझ्याकडं वळून सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हातपाय उत्तम चालतात तुझे. नम्रता कमी पडते. पुढच्या वेळी बघू."

"कुणापुढची, सर?" मी विचारलं.

मालक जायला उठले होते. सर लगबगीनं त्यांच्याकडं गेले आणि कमरेतून असे वाकले की त्यांच्या काळ्या पट्ट्याची टोकं सारवलेल्या जमिनीला टेकली.