बटणं पुढून की मागून

आमच्या चामराजपेटच्या घरी केबल आली तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला फक्त कात्री हवी होती. लग्न, नोकरी, स्कूटर वगैरे सगळं नंतर. घराच्या पुढच्या खोलीत वडिलांचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. घरात मराठी बोलायचो, बाहेर कन्नड. आमच्यात कापड कापायचं ते पुरुषांनी. बायकांनी हुक लावायचे, काजं करायची, हातशिलाई करायची. खंडेनवमीला कात्रीला हळदकुंकू वाहायचं काम मात्र आमचं. वर्षातून एकदा तिची पूजा करायची आणि एरवी तिला हात लावायचा नाही, हे मला कधीच पटलं नाही. मी भांडायचे. अण्णा म्हणायचे, "हात चुकला तर कापड वाया जाईल." जसा काही त्यांचा हात कधी चुकतच नव्हता!

रविवारी संध्याकाळी एका इंग्रजी चॅनेलवर एक मालिका लागायची, व्हिक्टोरियन काळातल्या एका रहस्य कादंबरीवरून केलेली. नायिकेचे वडील संशयास्पद रीतीने वारलेले, काकाने इस्टेट बळकावलेली. काकाने ठरवलेल्या लग्नाला नकार देऊन ती लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत एकटी राहते, शिकवण्या करून पोट भरते आणि वडिलांना कुणी मारलं ते स्वतः शोधत फिरते. पोलिस तिला घरी जा म्हणतात, ती ऐकत नाही. मला ती फार आवडायची, आणि तिचा हट्टीपणा तर त्याहून जास्त.

आई आणि अक्काही माझ्याबरोबर बसायच्या. अक्का म्हणजे अण्णांची मोठी बहीण. लहानपणीच नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि तेव्हापासून दुकानातल्या प्रत्येक झंपराचे हुक तीच लावत आली होती. दोघींनाही इंग्रजी येत नसे, मी जमेल तसं मराठीत सांगायचे. अक्काला त्याचीही फारशी गरज नव्हती. पहिल्याच भागात ती म्हणाली, "तो वकील बघ, मान वर करीत नाही. त्यानंच मारलंय गे."

अण्णांकडे झंपर शिवून घेणाऱ्या एक मॅडम आमच्याच शहरातल्या शिवाजीनगरकडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. त्याही ही मालिका बघत. कॉलेजच्या समारंभासाठी त्यांनी तीच गोष्ट नाटक म्हणून बसवायला घेतली आणि नायिकेच्या गाऊनसाठी निळं जाड कापड घेऊन त्या दुकानात आल्या. "टीव्हीवर आहे तसाच पाहिजे," म्हणाल्या. सोबत वर्तमानपत्रातला एक फोटो होता, पण त्यात नायिकेनं शाल लपेटलेली. खांद्याशी फुगलेली आणि मनगटाशी घट्ट अशी बाही तेवढी दिसत होती.

अण्णा खूश झाले. शिवाजीनगरच्या चर्चमध्ये लग्न लागणाऱ्या कितीतरी नवरीमुलींचे पांढरे गाऊन त्यांनी शिवले होते. त्यांनी टेप, खडू काढला आणि पाठीवर बटणांची ओळ आखायला घेतली.

"अण्णा, बटणं मागं नको. पुढं पाहिजेत," मी म्हटलं.

"गाऊनला बटणं मागंच असतात. मी काय आज शिवतोय काय?"

"ते नवरीचे. नवरीला बटणं लावायला आई, बहिणी, मैत्रिणी, सगळं घर असतं. ही एकटी राहते. हिला मागची बटणं कोण लावून देणार?"

खडू थांबला. "तू बघितलीस, पुढं आहेत ते?"

इथेच माझी पंचाईत होती. बया सदा शालीत नाहीतर कोटात. लंडनची थंडी माझ्या मुळावर आली होती. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या की त्यांचं सगळं लक्ष खुन्याकडे असतं. त्यांनी मूळ कादंबरीही चाळून पाहिली होती. तिच्यात धुक्याची भरपूर वर्णनं होती, बटणांचं एकही नव्हतं.

"रविवारी शेवटचा भाग आहे," मी म्हटलं. "पुढं निघाली तर हा गाऊन मी कापणार."

"आणि मागं निघाली तर?"

"तर परत कात्रीचं नाव काढणार नाही."

"सरी, तसं तर तसं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी कापड घडी करून ठेवलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझ्याच जिभेची भीती वाटली.

रविवारी अण्णाही टीव्हीसमोर येऊन बसले. शेजारच्या दोघीतिघी खुनी कोण ते बघायला आल्या होत्या. अर्धा भाग झाला तरी नायिका कोटातच. ती बग्गीतून उतरली, कोटात. वकिलाशी भांडली, कोटात. मला रडू यायचं बाकी होतं. मग जाहिराती लागल्या आणि त्या संपता संपेनात.

शेवटी काकानं तिला त्याच्या बंगल्यात कोंडलं, अंगावर नुसते झोपायचे कपडे. बाहेर जिन्यावर पावलं वाजली. तिनं खुर्चीवरचा गाऊन ओढला, हात घातले, हनुवटी वर केली, आणि नजर दारावर ठेवून कमरेपासून गळ्यापर्यंत भराभर बटणं लावत गेली. पुढून! एकटीनं! मी अशी किंचाळले की शेजारणीच्या हातातला पेला सांडला. आईनं टाळ्या वाजवल्या. अण्णा म्हणाले, "स्वल्प गप्प बस, बघू दे," आणि टीव्हीला नाक लागेल इतके पुढे सरकले. खुनी कोण निघाला ते त्या गोंधळात कुणालाच कळलं नाही. अक्का अजूनही वकिलाचंच नाव घेते.

सोमवारी सकाळी अण्णांनी निळं कापड टेबलावर पसरलं आणि कात्री माझ्यापुढे सरकवली. बाही मी आधीच वर्तमानपत्रावर कापून बघितली होती. त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला, खांद्याशी बोटभर वाढवायला सांगितलं, बाकी काही नाही. "कात्री उचलू नको. खालचं पातं टेबलावरून सरकव," एवढंच म्हणाले. मी कापत गेले. इतका आनंद मला डिग्री मिळाल्यावरही झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

नाटकात त्या मुलीनं भर रंगमंचावर, कुणाच्या मदतीशिवाय, तो गाऊन अंगावर चढवला आणि बटणं लावत दाराकडे निघाली. सभागृहात शिट्ट्याच शिट्ट्या! अण्णांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थाला कन्नडमध्ये सांगितलं की कटिंग आमच्या मुलीचं. मग पलीकडच्यालाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी उभी होते, तर अक्का आली. हातात हुकांचा डबा नव्हता, स्वतःच्या झंपराचं कापड होतं. तिनं ते माझ्यापुढे ठेवलं.

"मलापण कापू दे गे."

मी अण्णांकडे पाहिलं. ते उठले, टेबलावरचे शिवलेले कपडे उचलून बाजूला ठेवले आणि बहिणीला जागा करून दिली. अक्कानं कापड अंथरलं, हातानं सपाट केलं, कात्री घेतली. कुठून सुरुवात करायची ते दाखवायला मी तिचा हात धरायला गेले.

"सोड," ती म्हणाली. "जन्मभर बघतेच आहे की मी."