हिरोशिमाचा कडू घास

नोकरीतून सुटल्यापासून दर सहा ऑगस्टला मी सह्या गोळा करतो. अर्ज एवढाच, की जगातले सगळे अणुबॉम्ब मोडीत काढावेत. भोरच्या बाजारपेठेत काम सोपं असतं. लोक बोलता बोलता सही ठोकतात. अर्ज कुणी वाचत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही आता वाचून दाखवत नाही. घरचे याला माझं व्रत म्हणतात.

यंदा हट्टानं पालीच्या वरच्या धनगरवस्तीवर गेलो. शाळेत श्रद्धांजलीची सभा आहे, असा निरोप आधी धाडला होता. वस्तीतल्या थोरल्या मावशींनी अंगठा दिला तरच बाकीचे देणार, नाहीतर माझा कागद कोराच परत येणार, हे ठाऊक होतं. आणि जमीन धरणात गेल्यापासून मावशींनी कुठल्याच कागदाला बोट लावलेलं नव्हतं.

त्या आल्या त्या फडक्यात भाकरी-झुणका बांधून. फडकं माझ्यापुढे ठेवलं आणि समोर बसल्या. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणून देतात, त्याला कडू घास म्हणतात. मी दरसाल कुणा मेलेल्यांसाठी हिंडतो, तेव्हा ती माझीच भावकी असणार, असं त्यांनी धरलं होतं. मला हसू आलं, थोडा रागही आला. माझं त्यात कुणी नाही, हे समजावून सांगितलं. लांबचा देश, लढाईचे दिवस, विमानातून टाकलेला एक बॉम्ब, आणि एका सकाळीत गेलेलं शहर.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग त्येंच्यात कडू घास कुनी दिला?"

द्यायला येणारे शेजारीही त्याच सकाळी गेले, असं मी म्हणालो. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मलाही कधी सुचलं नव्हतं, याची लाज वाटली. काहीतरी करायचं म्हणून मी अर्ज पुढे सरकवला. मावशींनी तो बाजूला ठेवला आणि फडक्याची गाठ सोडली.

"आंगठा देते, भाऊसाहेब. पर आदी तुमी खावा. त्येंच्या वाटचं कुनीतरी खाल्लं पायजे."

मी भाकरी मोडली. इतक्या वर्षांत त्या माणसांसाठी मी खाल्लेला तो पहिला कडू घास.