तिला आफ्रिकेचा पुळका होता

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते माझी चूक निस्तरण्याचं. काजूच्या शेडमध्ये जमिनीवर बसलो होतो, मधे बियांचा ढीग. आफ्रिकेची बी एका टोपलीत, आपली गावठी बी दुसऱ्या टोपलीत.

कारखाना म्हणायचा म्हणून म्हणायचा, आहे ती पत्र्याची शेड. वाडीतल्या सहा बायका तिथं बी फोडतात, गर सोलतात. आपल्याकडची बी निघते शिमग्याच्या आसपास, आणि आम्ही घेतो तेवढी पाऊस लागेपर्यंत संपते. पुढचं सगळं वर्ष बोटीनं येणाऱ्या आफ्रिकेच्या बीवर. एकट्याला कंटेनर झेपत नाही, म्हणून चार शेडवाले मिळून मागवतो. पाहुणे कोकणचा काजू म्हणून कौतुकानं घेऊन जातात. मीही कधी त्यांना अडवलं नाही.

तर गेल्या वर्षीची दोन पोती गावठी बी मागच्या कोपऱ्यात नजरेआड राहून गेली होती आणि आफ्रिकेची तीन उरली होती. म्हटलं, बॉयलर दोनदा कशाला पेटवायचा? लाकडं काय फुकट येतात? सगळी एकत्र ओतली. ही आली, मूठभर बी उचलून बघितली आणि कपाळाला हात लावला.

"हे काय करून ठेवलंत?"

"काय केलं? बी ती बी."

"आपल्या बीचं टरफल जाड. आफ्रिकेची शिजते तोवर आपली कच्ची राहते. कच्ची फोडली की गराचे तुकडे. इतकी वर्षं शेडमध्ये काय माशा मारल्यात?"

बसलो निवडत. डोळ्यांना दोन्ही सारख्याच, मळकट. ती नुसता अंगठा फिरवायची आणि टाकायची. मी टाकलेल्या निम्म्या बिया ती माझ्या टोपलीतून उचलून दुसरीकडे टाकायची, तेही माझ्याकडे न बघता. बोलली असती तर परवडलं असतं.

तेवढ्यात दलालाचा फोन. "तात्या, पुढच्या मालाचं उद्या सकाळी सांगा. बाकीचे तिघं तयार आहेत. भाव चढलाय, पण नंतर मिळेल न मिळेल. तिकडची सरकारं म्हणतात, कच्ची बी बाहेर सोडायची नाही, तिकडेच फोडणार."

मी फोन ठेवला आणि तोंड सोडलं. आधीचा माल बोटीतच दमट झालेला, निम्म्या बिया काळ्या. आता म्हणे देणारच नाहीत! आणि आमच्या सहा बायकांनी काय करायचं? इथं दुसरं काम कुठं आहे? पोरं मुंबईला, शेतं पडीक, शेड बंद झाली तर त्या जाणार कुठं?

ती म्हणाली, "त्यांच्याकडे बायका नाहीत काय?"

"कुणाकडे?"

"आफ्रिकेत. त्यांची बी, त्यांनी फोडली तर तुमचं काय गेलं? त्यांच्या बायकांना काम नको?"

माझं डोकंच फिरलं. हे सगळं जावयानं तिच्या डोक्यात भरवलेलं. जावई अलोऱ्याला नोकरीत, सुट्टीला आला की मोबाईलवर वाचून आम्हाला शाळा शिकवतो. तिकडे म्हणे कोको पिकतो आणि चॉकलेट दुसरे लोक विकतात. कापूस तिकडचा, कपडे बाहेरून येतात. जमिनीत तेल, आणि पेट्रोलही बाहेरूनच घेतात. तांबं खणतात आणि तसंच बोटीत भरून पाठवतात. मी चौथी शिकलेला, ऐकून घेतो. ही मात्र हातातलं काम टाकून ऐकायची आणि शेवटी म्हणाली होती, "म्हणजे आपल्यासारखंच की. चांगला आंबा पेटीत घालून पाठवायचा, चांगली मासळी पाठवायची, पोरगे पाठवायचे, आणि आपण मागं बसायचं."

मी तिला म्हटलं, "त्यांचे कारखाने चालायचे नाहीत. जावईच सांगत होता, तिकडे वीज जाते, रस्ते धड नाहीत, मशीन बिघडलं तर सुटा भाग महिनाभर येत नाही. कर्ज मिळत नाही."

"आपल्याकडे वीज कधी राहते? गेल्या पावसात चार दिवस ड्रायर बंद होता, सगळा गर पिवळा पडला. तरी चालवलीत ना शेड? तेही चालवतील."

"मग आपण काय करू, ते सांग."

"आपल्या वाडीतली बी घ्या. घरोघर जाऊन सांगा. बाहेरचा व्यापारी, तो गाडीवाला, येऊन शब्द घेऊन जातो त्याच्या आधी जा. जास्त घ्या, नीट वाळवा, वर्षभर पुरवा. दहा वर्षं सांगतेय."

दहा वर्षं सांगत होती, खरं आहे. मी गेलो नाही. कारण मला लोकांच्या दारात उभं राहायचा कंटाळा. कोण वजनासाठी बी ओली करून आणतो, कोण जुनी मिसळतो, कोण तुम्हाला देतो म्हणतो आणि गाडीवाला आला की त्याला घालतो. फोन केला की पोती दारात येतात, ते बरं वाटायचं.

तर मी वैतागून म्हटलं, "तुला आफ्रिकेचा एवढा पुळका असेल तर जा तिकडंच."

ती हसली. "जाईन की. पासपोर्ट काढा."

तिच्याशी मी बोललेलं शेवटचं वाक्य ते. लोक म्हणतात, मनाला लावून घेऊ नका. लावून घ्यायचं नाही तर करायचं काय? ती उठली, म्हणाली हात दुखतोय, पाणी पिऊन येते. शेडच्या दारातच बसली. फोडणाऱ्या बायका धावल्या. रिक्षा आणली, पण दवाखान्यापर्यंत पोचलोच नाही. संध्याकाळी उजेड असतानाच सगळं आटोपलं. तोवर मुलगी नि जावई अलोऱ्याहून पोचले होते. जावयानं मोबाईल खिशातून काढलाच नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दलालाचा फोन आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"काय तात्या, धरू का तुमचा हिस्सा?"

"नको."

"नको म्हणजे? वर्षभर काय करणार?"

फोन ठेवला आणि चपला घातल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, सुतक आहे. कुणाच्या दारात जायचं नाही."

"दारात जात नाही. आवाराच्या गडग्याबाहेर उभा राहतो."

"बारा दिवस तरी थांबा."

"बारा दिवसांत गाडीवाला सगळी वाडी फिरून होईल."

पहिल्या घरची बाई मला बघून रडायलाच लागली, बोलणं झालंच नाही. दुसऱ्या घरात माणसं असून कुणी बाहेर आलं नाही. मनात म्हणाले असतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तिसऱ्याच्या काजूच्या चाळीस कलमांना नुकती बी धरली होती. तो घरापुढच्या खळ्यात दात घासत होता. दगडाच्या गडग्यापलीकडे मला बघून पुढं आला आणि दोन हात लांब थांबला.

"तात्या, तुम्ही आज?"

"यंदाची बी कुणाला देणार?"

"आता बीचं काय काढलंत? घरी जा, माणसं येत असतील."

"गाडीवाल्याला शब्द दिलास?"

"अजून नाही."

"मग मला दे. सगळी. वाळवून घेईन, भाव त्याच्याएवढा देईन. ओली मात्र चालायची नाही. पाणी मारलंस तर परत आणून टाकीन."

त्यानं बाजूला थुंकून तोंड पुसलं. मग म्हणाला, "काकींनी गेल्या वर्षीच विचारलं होतं. मीच टाळलं." आणि कलमांकडे बघून, "देतो तात्या. पण तुम्ही आता घरी जा."

मी म्हटलं, अजून चार घरं राहिलीत, आणि पुढं निघालो.