दहाच्या वर एकही नको

बावीस वर्षं शाळेची बस चालवणारा व्हर्लिन स्टकी तसा भित्राच. रस्ता रिकामा असला तरी दिवा लावल्याशिवाय वळायचा नाही. असल्या माणसानं ओहायोच्या डोंगरात बसून रुमानियाची रायफल घ्यायची आणि वर तिला तिकडचीच पिस्तुलासारखी नवी मूठ बसवायची! नसते उद्योग, दुसरं काय?

कारण ती मूठ बसवली की कायदा आडवा येतो. रायफलीचे सोळा भाग मोजायचे, त्यांत बाहेरच्या देशातले दहाच्या वर नकोत. व्हर्लिननं आठवडाभर कागद वाचले, मग घोड्याच्या यंत्रणेतले तीन भाग इथल्या बनावटीचे घातले. गोळ्या भरायचं मॅगझीनही इथलंच घेतलं. त्याचे कायद्यानं तीन भाग धरतात. झाले सहा. बाहेरचे उरले बरोब्बर दहा.

"बायबल कधी इतकं मन लावून वाचलं नाहीस," त्याची बायको ओलेटा म्हणाली.

शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर ते नवं मॅगझीन सारखं अडकायला लागलं. व्हर्लिन वैतागला. पिशवीत रायफलीबरोबर आलेलं जुनं रुमानियन होतं, ते त्यानं खटकन बसवलं आणि वीस गोळ्या धडाधड झाडल्या.

शेजारच्या बाकावरचा दाढीवाला बघत होता. "मस्त चालते की! आपल्याकडचे भाग किती यात?"

"सहा," व्हर्लिन ऐटीत म्हणाला.

"या मॅगझीनसकट?"

व्हर्लिननं मॅगझीनकडे पाहिलं. तीन गेले! बाहेरचे दहाचे तेरा झाले, तेही अनोळखी माणसासमोर! कोण हा? सरकारी तर नसेल? तो काहीतरी पुटपुटला, सामान गोळा केलं आणि गाडीत बसून सुटला.

वाटेत त्याचा दुसराच हिशेब सुरू झाला. गुन्हा लागला तर बसची नोकरी जाणार, नोकरी गेली की तिच्याबरोबर मिळणारा औषधपाण्याचा विमा जाणार. ओलेटाला दर महिन्याला शिरेतून औषध देतात, म्हणून तिची संधिवातानं धरलेली बोटं चालतात. गेल्या वर्षी दोन महिने औषध चुकलं, तेव्हा तिला साधा कप उचलवत नव्हता. व्हर्लिननं तिला चमच्यानं भरवलं होतं.

घरी पोचून पिशवी उघडली, तर जुनं मॅगझीन नाहीच. मैदानावरच राहिलं! आणि त्यावर याचं नाव! डब्यापासून छत्रीपर्यंत सगळ्यावर पांढऱ्या रंगानं 'स्टकी, बस १४' लिहायची याला खोड ना!

तासाभरानं दारात गाडी थांबली. दाढीवाला उतरला. व्हर्लिननं दार अर्धंच उघडलं.

"हे राहिलं तुमचं," मॅगझीन पुढे करत तो म्हणाला. "चौदा नंबर वाचला, म्हणून घर विचारत आलो. माझी मुलगी तुमच्याच बसनं जाते. मघाशी बोललो ते एवढ्यासाठीच, की मीही एकदा अशीच चूक केली होती. जपा."

गाडी निघून गेली, पण व्हर्लिनची भीती गेली नाही. तो टेबलाशी बसून नवी मूठ काढायला लागला. मुठीच्या जागचं जुनं लाकूड परत बसवायचं, मग मोजणंच नको! पण हात असे कापत होते की स्क्रूड्रायव्हर काही स्क्रूवर बसेना.

"सरक," ओलेटा म्हणाली. "आण इकडे तो स्क्रूड्रायव्हर."

तिनं एका दमात स्क्रू फिरवून काढला. व्हर्लिन तिच्या बोटांकडे बघत राहिला, आणि त्याला रडूच कोसळलं.