अर्ध्या टायरापुरतं तेल

माझ्या वहिनीच्या भावाइतक्या निष्ठेने बिनकामाच्या गोष्टीवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा सापडणार नाही, आणि मला त्याच्याइतकं जाळणाराही अजून सापडलेला नाही. ज्या वयात माणसाने अन्याय पाहून पेटावं, त्या वयात मी हातभर लांबीच्या एका खेळण्यातल्या मोटारीवर जळत होतो. नेमकं सांगायचं तर त्या मोटारीच्या चार स्पंजी टायरांवर.

हा गृहस्थ सावनेरकडच्या एका कोळसा खाणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. दर शनिवारी दुपारच्या बसने तो नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या घरी उतरायचा, बहिणीला भेटायला म्हणून. बहिणीची भेट दारातच, चपला काढता काढता उरकायची. मग तो थेट पुढच्या खोलीत शिरायचा. तिथे माझ्या वडिलांचा छापखाना होता. पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरखिळ्यांचे लाकडी खण आणि शाईचा वास, एवढाच त्याचा पसारा. याच खोलीत मी वाढलो. संपाची, सभांची, निषेधाची पत्रकं इथे छापली जात. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली आणि पुढे पोटावरचा मजकूर वाचून शहाणा झालो. विसाव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहू लागलो. ती बाबांनी वाचून एकदा मान डोलवावी, एवढीच माझी इच्छा होती. बाबा ती जुळवत, छापत, गठ्ठे बांधत. मान मात्र डोलायची शनिवारी, टायर पाहून.

ती मोटार त्याला जहाजावर नोकरी करणाऱ्या चुलतभावाने आणून दिली होती. बॅटरीवर पळायची आणि हातातल्या डब्याची काडी हलवली की दुरूनच वळायची. सदरमधल्या एका क्लबात पाच-सहा हौशी लोक रविवारी सकाळी हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावत, गालिच्यावर लाकडी पट्ट्यांनी वळणावळणाचा रस्ता आखत आणि असल्या मोटारींच्या शर्यती लावत. इतर मंडळी बॅटरी आणि मोटर यांवर बोलत. आमच्या या पाहुण्याचं सगळं तत्त्वज्ञान टायराशी सुरू होऊन टायराशीच संपायचं. "गाडी कोन पळवते? टायर पळवते. बाकी सारं वरचं सामान हाय," तो म्हणायचा. एकदा वहिनीने लग्नाचा विषय काढला, तर पोरीचा फोटो उजेडात तिरपा धरून तो म्हणाला, "चांगली हाय वं ताई, पन तिले स्पंजाचा भुगा चालन का?"

भुग्याचा प्रश्न खरा होता. स्पंजाची कडी सायकलच्या सोल्युशनने चाकावर चिकटवायची, मग ते चाक वहिनीच्या शिलाई मशीनवर बॉबिन भरायच्या दांडीला अडकवायचं आणि पायडल मारत त्यावर पॉलिश पेपर धरायचा, म्हणजे टायर घासून गोल होतो. पायडल मारायला वहिनी. काळा भुगा उडून पडायचा वरणात, पापडांवर आणि एकदा तर देवाच्या नैवेद्यावर. चारी चाकं घासून झाली की कागदाची पट्टी गुंडाळून त्यांचे घेर मोजायचे, आणि एखादं केसभर मोठं निघालं की पुन्हा पायडल. "अरे, माझा ब्लाउज राहून गेला ना," वहिनी कुरकुरायची. "ब्लाउजले अर्ध्या सुताचा फरक चालते वं, टायरले नाई चालत," हे उत्तर.

घासल्यावर तेल. सांधेदुखीवर चोळतात ते विंटरग्रीनचं तेल स्पंजाला लावून वीस मिनिटं मुरू द्यायचं आणि पुसून काढायचं. मग तो टायर गालिच्याला असा धरतो की वळणावरही गाडी घसरत नाही. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी आमच्या घराला आजारी म्हाताऱ्यांच्या खोलीसारखा वास सुटायचा. शेजारच्या काकू एकदा हळहळत आल्या, "तुमचे गुडघे लय दुखून राहिले म्हनते, भाऊजी?" बाबा गंभीरपणे म्हणाले, "माहे नाई, गाडीचे." काकू वाटीत थोडं तेल घेऊन गेल्या आणि पुढच्या शनिवारी वाटी घेऊन पुन्हा आल्या.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. मला झोंबला तो बाबांचा अंगठा. ट्रेडलवर शाई फिरवणारे रूळ बाबा घरीच ओतायचे, सरस आणि गूळ वितळवून. नागपूरच्या उन्हाळ्यात ते पाघळत आणि थंडीत दगडासारखे होत. म्हणून रोज सकाळी रुळावर अंगठ्याची पाठ टेकवून बाबा त्याचा चिकटा पाहत, म्हणजे तो शाई किती धरतो आणि किती सोडतो ते. ही विद्या त्यांनी मला कधी शिकवली नव्हती. मी मागितलीही नव्हती म्हणा. मला क्रांती करायची होती, रूळ ओतायचे नव्हते. आणि एका शनिवारी पाहतो, तर बाबांनी तेल मुरलेला टायर उचलला, अंगठ्याची पाठ टेकवली आणि म्हणाले, "मागचे बराबर हाय. पुढचे जास्त धरून राहिले. पुढच्याले अर्धंच तेल लाव, आतल्या अंगानं." पाहुणा बाबांच्या अंगठ्याकडे असा पाहत राहिला, जसं मी आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं. "मामाजी," तो म्हणाला, "हे तुमी आंधीच काहून नाई सांगितलं?" बाबा लाजले. माझे वडील लाजलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

त्या रात्री मी पत्रक लिहायला घेतलं. मथळा दिला 'चार टायरांची चैन'. गिरणीत अंग घासणारा कामगार एकीकडे आणि गालिच्यावर टायर घासणारा वर्ग दुसरीकडे, असा घणाघात होता. बाबांनी मुकाट्याने खिळे जुळवले, प्रूफ काढलं, चष्मा कपाळावर चढवला. मी श्वास रोखून उभा. "अंग शब्दावरचा अनुस्वार राहिला," ते म्हणाले आणि मशीनकडे वळले. पाहुण्याने मात्र पत्रक दोनदा वाचलं. "जबरदस्त लिवलं गा भाऊ! माह्यावरच हाय ना हे? दहा-बारा देऊन ठेव." मी विजयी मुद्रेने गठ्ठाच दिला. पुढच्या शनिवारी माझ्या घणाघातावर चार टायर तेल गाळत बसले होते. "ह्या कागदासारखं तेल कोनताच कागद पीत नाई, भाऊ," त्याने मला मनापासून सांगितलं. त्यात टोमणा असता तर मी त्याला माफ केलं असतं.

मग त्याची बदली झाली, दूर वणीकडच्या खाणीत. शेवटच्या रविवारी बाबा शर्यत पाहायला निघाले. माझ्या एकाही सभेला न आलेले बाबा इस्त्रीचा सदरा घालून निघाले. हा माणूस आजवर एकदाही जिंकला नव्हता आणि बाबांना त्याला एकदा जिंकताना पाहायचं होतं. मी बरोबर गेलो, का ते मलाही सांगता आलं नसतं. हॉलमध्ये बाबा चहा आणायला गेले, पाहुणा बॅटरीच्या तारा जोडत खाली वाकला होता. त्याने तेलाची बाटली आणि फडकं माझ्या हातात दिलं. "भाऊ, एवढं लावून दे ना. मागच्याले पूरं, पुढच्याले अर्धं. आतल्या अंगानं हां." मी मागच्यांना पूर्ण लावलं. पुढच्यांनाही पूर्ण लावलं, काठापासून काठापर्यंत, अगदी एकसारखं. चुकून नाही.

गाडी सुटली ती सगळ्यांच्या पुढे. तीन फेऱ्या ती पुढेच होती आणि बाबा पायाच्या बोटांवर उभे होते. चौथ्या फेरीत भिंतीकडच्या वळणावर पुढच्या टायरांनी गालिचा धरला तो सोडलाच नाही. गाडी उलटली, दोन कोलांट्या खाऊन पाठीवर पडली आणि चारी चाकं वर करून फिरत राहिली. बाकीच्या गाड्या शेजारून निघून गेल्या. बाबांनी जाऊन ती उचलली. पुढच्या टायरच्या बाहेरच्या काठावर अंगठ्याची पाठ टेकवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"मामाजी, मीच लावलं," पाहुणा घाईने म्हणाला. "तारेच्या नादात अर्ध्याचं भानच राहिलं नाई मले."

बाबांनी गाडी त्याच्या हातात दिली. संध्याकाळच्या बसने तो गेला. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लिवत राहजो गा." मला त्याच्या मोठेपणाचाही हेवा वाटला, आणि त्या हेव्यात आता कसलाच त्वेष नव्हता.

तीन दिवस मी गप्प राहिलो. सभांमधून सत्य बोलायला लोकांना सांगणाऱ्याला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी छापखान्यात जाऊन मी बाबांना सांगितलं, "तेल मी लावलं होतं."

"माईत हाय," बाबा खिळे परत खणात टाकत म्हणाले. "त्यालेबी माईत हाय. तो लावते तवा कुठं कमी, कुठं जास्त होते. ते तं एकदम सारखं लागलं होतं. तू जे करतं ते काठापर्यंत करतं. अर्ध्यावर थांबाचं तुले समजतच नाई." आणखी एक खिळा खणात टाकून ते म्हणाले, "तुह्या पत्रकाचंबी तेच हाय. मान्साले धरते, पन सोडत नाई. मंग मानूस उलटते."

म्हणजे ते वाचत होते. प्रत्येक पत्रक वाचत होते.

आता वणीहून महिन्याला एक पत्र येतं. तिथे गालिचा नाही, क्लब नाही, तरी तो टायर घासतो आणि बाबांना शंका विचारतो. खिळे उलटे जुळवण्यात आयुष्य गेल्यामुळे बाबांना हाताने लिहायचा कंटाळा. उत्तर ते सांगतात, मी लिहितो. परवा सगळ्या शंका संपल्यावर ते मशीनकडे पाहत म्हणाले, "लिही, तुह्या जागेवर सध्या आमचा पोट्टा बसते. रूळ ओतून राहिला. हात लय जड हाय त्याचा, पन येईन."

मी सगळं लिहिलं. फक्त हात जड असल्याचं तेवढं गाळलं, आणि बाबांनी पत्र वाचायला मागायच्या आत पाकीट चिकटवून टाकलं.